बाई, पाचवीनंतरही आमची पोरं लायब्ररीत टिकली ती तुमच्यामुळे

नमस्कार बाई,

१२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन असतो, डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिवस, हे मला आमच्या थोरलीने सांगितलं आणि वर म्हणते कशी, मम्मी तू रोज सकाळी अख्ख्या जगाला गुड मॉर्निंग पाठवतेस तर बाईंना दोन ओळी लिही की. दोन ओळींत मावणारं नाही म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितेय. तुम्ही संकोचाल माहितीय, पण लायब्ररीच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये तुमच्या कामाचा विषय कधी निघत नाही (तिथे फक्त छप्पर कुठे गळतं त्यावर चर्चा, तीपण व्हायला हवी म्हणा), तर निदान इथे चार लोक वाचतील.

गोव्याबाहेरच्यांना चटकन कळणार नाही म्हणून जरा सांगते. आमच्या सत्तरी तालुक्यात घरात कोकणी, सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी, आणि पाचवीला हायस्कूलात गेलं की एकदम सगळं इंग्लिश. चौथीपर्यंत पोर कुठे मराठी सलग वाचायला लागतं आणि नेमकी तेव्हाच शाळेची भाषा बदलते. मग मराठी पुस्तक म्हणजे बारक्यांचं वाटायला लागतं, इंग्लिश डोक्यावरून जातं, आणि या ओढाताणीत वाचनच सुटतं. माझ्या वर्गातल्या चांगल्या हुशार पोरांचं असंच सुटलं, पुढे पेपरसुद्धा फक्त मयतांचे फोटो बघायला उघडणारी झाली. आम्हाला शाळेत लायब्ररी नव्हती असं नाही हां, काचेचं कपाट होतं, आत पुस्तकं दिसायची, कुलूप होतं, चावी कोणाकडे असते ते दहावी होईपर्यंत कळलं नाही. शाळेचं नाव नको घ्यायला.

तर बाई, तुम्ही बरोब्बर त्या पाचवीच्या जागेवर येऊन उभ्या राहिलात. माझ्या धाकट्याचंच बघा. पाचवीला गेला आणि एका महिन्यात पुस्तक हातात धरेना. तुम्ही त्याला स्टोरीवीव्हरवरून काढलेल्या गोष्टी दिल्यात, प्रथम बुक्सची ती साइट २०१५ पासून आहे आणि तिथे एकच गोष्ट कितीतरी भाषांत फुकट मिळते हे मला तुमच्याकडूनच कळलं. तीच गोष्ट, तीच चित्रं, एक प्रिंट मराठीत, एक इंग्लिशमध्ये, असेल तर कोकणीतपण, तिन्ही एका फाइलीत. आधी मराठी वाच, गोष्ट कळली की इंग्लिश उघड. एवढंच. डिक्शनरी नाही, कठीण शब्दांची यादी नाही. कलर प्रिंटचे पैसे तुम्ही खिशातून घातलेत हे झेरॉक्सवाल्याने सांगितलं मला, आता रागावू नका त्याच्यावर.

पण तरी अडलंच होतं. कारण त्याला जमेल असं इंग्लिश म्हणजे पानावर दोन ओळी आणि मोठ्ठं चित्र, आणि अकरा वर्षांच्या मुलग्याला तसलं पुस्तक हातात धरायची लाज वाटते, मित्रांनी बघितलं तर संपलंच. तिथे तुम्ही जे केलंत त्याला मी खरंच मानते. तुम्ही त्याला म्हणालात, शनिवारी बालवाडीची पोरं येतात, मला घसा बसल्यामुळे जमत नाही, तू त्यांना वाचून दाखवशील का. घसाबिसा काही बसला नव्हता, मी विचारलं होतं नंतर. आता चार वर्षांच्या पोरांना वाचून दाखवायचं म्हणजे सोपंच पुस्तक लागणार, त्यात लाज कसली? हा घरी आरशासमोर प्रॅक्टिस करायचा, एकेक ओळ चार-चारदा.

त्यातल्या एका शनिवारी मी दाराआड उभी राहून बघितलं. चटईवर हा मांडी घालून, पुस्तक पोरांकडे तोंड करून धरलेलं, तुम्ही शिकवलंत तसं, म्हणजे स्वतःला उलटं वाचावं लागतं म्हणून मान वाकडी. एक ओळ इंग्लिशमध्ये वाचायची, मग कोकणीत सांगायची, मग पान उलटायच्या आधी थांबायचं. पोरं पुढे सरकत सरकत त्याच्या गुडघ्यावर आली होती. एक शेंबडी चिमुरडी पानाचा कोपरा पकडूनच बसलेली, "मागीर कितें जालें, मागीर कितें जालें" (मग काय झालं) चालू. आणि आमचा हिरो घाम पुसत "रांव गो" (थांब गं) म्हणतोय. तुम्ही टेबलावर रजिस्टर भरत होतात, एकदाही वर बघितलं नाहीत.

थोरलीची गोष्ट वेगळी. बारा-तेराची झाली की मुलं लायब्ररीत कुठेच बसत नाहीत, अक्षरशः. बालविभागातल्या खुर्च्यांत गुडघे मावत नाहीत, आणि वाचनालयात स्पर्धा परीक्षावाले ताई-दादा बसलेले, जरा हसलं की शू. ग्रंथालयवाल्यांची जी जागतिक संस्था आहे ना, इफ्ला, त्यांची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं शून्य ते अठरा वयासाठी आहेत, म्हणजे सतरा वर्षांचा पोरगापण त्यात येतो. आपल्याकडे मात्र बालविभाग म्हणजे बाराखडीचे तक्ते आणि प्लास्टिकची फुलं, पुढचं कोणी बघायचं? तुम्ही खिडकीजवळचं जुनं रॅक रिकामं केलंत, दोन बाक टाकलेत आणि बोललात की इथे हळू आवाजात बोलायला परवानगी आहे. बस, पोरांनी तो कोपरा धरला. सुरुवातीला निम्मी मोबाइल चार्ज करायला यायची, मंडळातल्या काहींनी नाकं मुरडली, तुम्ही म्हणालात चार्ज व्हायला तास लागतो, तेवढ्यात कुठेतरी हात जाईलच.

आणि त्या रॅकवर तुम्ही मुलींच्या वयात येण्याबद्दलची, शरीराबद्दलची पुस्तकं उघड ठेवलीत, कुलपात नाहीत, काउंटरमागे नाहीत, मागावी लागणार नाहीत अशी. घरी न्यायची नसतील तर तिथेच वाचा, रजिस्टरमध्ये नाव नको. यावरून एक पालक भांडायला आले होते म्हणे. ते नंतर शांत झाले की नाही माहीत नाही, पण पुस्तकं अजून तिथेच आहेत आणि त्यांचे कोपरे सगळ्यात जास्त मळलेत.

सगळ्यात मोठे आभार मात्र एका न केलेल्या गोष्टीचे. तुम्ही मुलांना कधीच विचारलं नाहीत, "काय बोध घेतलास?" आमच्याकडे पुस्तक मिटलं रे मिटलं की मोठी माणसं परीक्षा घेतात, सारांश सांग, तात्पर्य सांग, मग पोर पुढच्या वेळी पुस्तकच उघडत नाही. तुम्ही फार तर "मधेच सोडलंस का, बरं, दुसरं बघ" म्हणता. रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक असं सूत्र आहे आणि ते भिंतीवर लावलेलं मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय, पण सोडून द्यायची मोकळीक असल्याशिवाय आपलं पुस्तक सापडणार कसं? त्याऐवजी तुमच्या त्या चिठ्ठ्या. ज्याला आवडलं त्याने पुस्तकाच्या आत एक चिठ्ठी चिकटवायची, नाव नको. एकीत लिहिलंय "पहिली तीस पानं बोर, मग रात्री जेवायला उठलो नाही." असं परीक्षण मी रविवारच्या पुरवणीत वाचलेलं नाही!

दंडाचंपण सांगायला हवं. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०२१ मध्ये लेट फी बंद केली म्हणून केवढ्या बातम्या आल्या होत्या. तुम्ही तर आधीपासूनच चतुर्थीच्या आसपास कोणाचाच दंड घेत नाही, घरात पाहुणे, माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची सजावट), पुस्तक कुठे सापडतंय! दंडाच्या भीतीने पोरं पुस्तक परत आणत नाहीत आणि मग स्वतःही येत नाहीत, हे तुम्ही मंडळाला कसं पटवलंत ते मला एकदा ऐकायचंय.

पावसाळ्यातलं काम तर कोणाला दिसतच नाही. जुलैत आमच्याकडे चपलांनापण बुरशी येते, पुस्तकांचं काय घेऊन बसलात. ते गुळगुळीत कागदाचे चित्रांचे पुस्तक एकदा भिजलं की पानं एकमेकांना अशी चिकटतात की सोडवायला गेलं तर चित्रच निघून येतं, म्हणून तुम्ही ओली असतानाच पानापानात वर्तमानपत्राचे तुकडे घालून पंख्याखाली उभी करता. डांबरगोळ्या, कसर झटकायचा ब्रश, भिंतीपासून चार बोटं लांब सरकवलेली कपाटं. थोरली आता आमचं घरचं कपाटपण सरकवून बसलीय.

पणजीची सहल राहिलीच. कदंबात (आमची सरकारी बस) बसवून तुम्ही पोरांना पाट्टोला कृष्णदास शामा ग्रंथालयात नेलंत. मी कॉलेजात असताना ते आझाद मैदानाजवळच्या जुन्या इमारतीत होतं, नवीन मी अजून नीट बघितलेलं नाही. धाकटा येऊन सांगतोय की ही भारतातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक लायब्रऱ्यांतली एक, १५ सप्टेंबर १८३२ ची, आणि मम्मी तिथे बोटांनी वाचायची ब्रेलची पुस्तकंपण आहेत. पणजीत २००५ पासून बुकवर्मसारखी खास मुलांची लायब्ररी आहे, तिथल्या मुलांना हे सगळं जवळ. आमच्या पोरांना पणजी म्हणजे अर्धा दिवस प्रवास आणि दोन ओकाऱ्या, तरी पुन्हा कधी जायचं म्हणून विचारतायत.

शेजारच्या काकांकडे 'किशोर'च्या जुन्या अंकांचा गठ्ठा आहे, माळ्यावर पडून. त्यांना विचारलं, द्यायला तयार आहेत. बाइंडिंगचा खर्च मी करते, तुम्ही फक्त कुठला बाइंडर चांगला ते सांगा, कारण मागच्याने पानं उलटसुलट लावली होती हे तुम्हीच सांगितलं होतंत. रविवारी सकाळी रिक्षात घालून आणते. कोणीतरी उतरवायला लागेल, त्या खिडकीजवळच्या पोरांना सांगून ठेवा.

तुमच्या दोन मेंबरांची आई