जुन्या मातीच्या घरासाठी तुमचे फोटो हवे आहेत

सप्रेम नमस्कार,

कोपऱ्यावरचं कच्च्या विटांचं जुनं घर दुरुस्त करायचं समितीने ठरवलं आहे. त्यासाठी पैशांच्याही आधी हवे आहेत ते तुमच्या ट्रंकेतले, आल्बममधले जुने फोटो.

दगडी इमारतीवर कुठेतरी साल कोरलेलं सापडतं. मातीचं घर झिजतं, पुन्हा लिंपलं जातं. पडलेली वीट भिजवून तिच्याच मातीची नवी वीट पाडतात. त्यामुळे मूळची भिंत कुठली आणि मागाहून घातलेली कुठली, हे नुसतं बघून सांगता येत नाही. त्यात या घराला मधल्या काळात कुणीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. हेतू चांगलाच असणार. पण मातीची भिंत ओल शोषते आणि वाळताना बाहेर सोडते. सिमेंटने ती वाट बुजली. आता जोत्यालगत लोणा (ओलीबरोबर भिंतीवर फुटणारा क्षार) लागला आहे आणि हात लावला की विटांचा भुगा होतो. सिमेंट कधी आणि कुठवर चढलं, त्याआधी पागोळ्यांचं पाणी कुठे पडत होतं, हे कळल्याशिवाय खरवडायला घेणं आम्हाला धोक्याचं वाटतं.

आतापर्यंत पाच फोटो जमले आहेत. त्यांतला एक लग्नाचा आहे, जोडपं दारात उभं आहे. वधूच्या कोपराशेजारी मातीच्या गिलाव्याचा पोपडा पडलेला दिसतो, आणि भिंग धरलं तर विटेतल्या गवताच्या काड्यासुद्धा मोजता येतात. म्हणजे तेव्हा सिमेंट नव्हतं. दुसऱ्या फोटोत पायरीवर एक मूल बसलं आहे आणि दाराच्या डावीकडे कोरी भिंत आहे. आज तिथे खिडकी आहे! त्याच खिडकीच्या कोपऱ्यातून वर छपरापर्यंत तडा गेला आहे. ही खिडकी कधी फोडली, हे आम्हाला शोधायचं आहे.

म्हणून खास घराचा म्हणून काढलेला फोटोच हवा असं नाही. वाढदिवस, नवी सायकल, शाळेचा पहिला दिवस, कशाचाही चालेल. मागे भिंतीचा, छपराचा, चौकटीचा एक तुकडा आला असला तरी पुरे. हललेला, फिका पडलेला फोटो टाकून देऊ नका. १९०० साली कोडॅकचा स्वस्त ब्राउनी कॅमेरा आल्यावर हळूहळू साधी माणसंही फोटो काढू लागली, आणि असे साधे घरगुती फोटोच आम्हाला सर्वांत उपयोगी पडत आहेत. अमेरिकेत १९३३ पासून सरकारी पाहणीत जुन्या इमारतींचे नकाशे आणि फोटो पद्धतशीर जमवले गेले, त्यांत मातीच्या विटांची घरंही होती. आपल्या घराच्या वाट्याला तसं काही आलं नाही. जे आहे ते तुमच्याकडेच आहे.

फोटो आल्बममधून उचकटू नका, आल्बमच घेऊन या. कुठल्या फोटोशेजारी कुठला लावला आहे, यावरूनही साल काढता येतं. मागचा शिक्का, कडेची नक्षी, कागदाची जाडी, सगळं कामाचं आहे. मागे लिहायचंच झालं तर मऊ पेन्सिलीने, पेनाने नको. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोतले बारकावे जातात, तेव्हा शक्यतो मूळ प्रतच आणा. तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत देऊ. १९५० च्या आसपासच्या किंवा त्याआधीच्या निगेटिव्ह चिकट झाल्या असतील, उग्र वास येत असेल, तर त्या नायट्रेट फिल्मच्या असू शकतात. ती फिल्म चटकन पेट घेते. घरी स्कॅन करू नका, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका आणि आधी आम्हाला कळवा.

स्कॅनर, आम्लरहित पाकिटं आणि मातीकाम जाणणाऱ्या गवंड्याची मजुरी यांसाठी देणगीही हवी आहे. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि हिशोब घराच्या दारावरच लावू. ज्यांना वेळ आहे त्यांनी आल्बम चाळायला, नावं-सालं उतरवून घ्यायला यावं. दोन-तीन जणांची फार गरज आहे.

ज्यांच्याकडे एकही फोटो नाही पण ती डावीकडची खिडकी फोडताना पाहिल्याचं आठवतं, त्यांनीही कृपया या. पावसाळ्याआधी आलात तर उत्तम, कारण तडा रुंदावतो आहे.

आपली,
घर दुरुस्ती समिती