तिवरं परत लावता येतात म्हणणाऱ्यांनी एकदा कन यो बघावं

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं. मुंबईत रस्त्यासाठी तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, तोडली तर एवढा आरडाओरडा कशाला, व्हिएतनामने युद्धात गेलेलं अख्खं जंगल परत लावून दाखवलं, आपणही दुसरीकडे लावू, असं त्यात लिहिलं होतं. मी चार वर्षं नोकरीनिमित्त हो ची मिन्ह सिटीत राहते, मूळची उरणकडची, आणि ते जंगल जिथे आहे तिथे मी सात-आठ वेळा जाऊन आलेय, त्यामुळे ते वाचून गप्प बसवलं नाही.

त्या भागाचं नाव कन यो, गूगल मॅपवरचं स्पेलिंग बघून आपण कॅन गिओ वाचतो. शहराच्या मध्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, समुद्राच्या तोंडाशी. आत्ताआत्तापर्यंत हा शहराचाच एक ग्रामीण जिल्हा होता, म्हणजे आपल्याकडचा तालुका समजा. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने देशभरातली ही पातळीच काढून टाकली म्हणून कागदावर आता तो नाही, पण लोकांच्या तोंडी अजून कन योच आहे. शहराच्या जुन्या हद्दीतल्या एकूण जमिनीतली साधारण एक तृतीयांश जमीन एकट्या ह्या भागाची, सातशे चौरस किलोमीटर, आणि माणसं जेमतेम पाऊण लाख. बाकी सगळी खाडी, चिखल आणि कांदळ, म्हणजे खारफुटीतलंच झाड.

बिन खानच्या फेरीत स्कूटरसकट चढायचं, नदी ओलांडायची, आणि पलीकडे उतरून थोडं पुढे गेलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडंच झाडं. पहिल्यांदा गेले तेव्हा ओहोटी लागली होती आणि तो वास आला, आपल्या खाडीचा येतो अगदी तोच. चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. माझी आई निवट्यांचं कालवण करायची आणि इथल्या बाजारातही निवट्या मिळतात, मी तिथेच उभी राहून आईला व्हिडिओ कॉल लावला.

तर हे जंगल गेलं कसं ते आधी सांगते. सायगॉन, म्हणजे हो ची मिन्ह सिटीचं जुनं नाव, तिथल्या बंदराकडे जाणारी जहाजं ह्याच जंगलातल्या पात्रातून जायची आणि लपून हल्ले करणारे ह्याच झाडीत असायचे, म्हणून १९६०च्या दशकाच्या मध्यापासून १९७० पर्यंत अमेरिकेच्या विमानांनी इथे एजंट ऑरेंज आणि तशीच झाडं मारणारी इतर औषधं फवारली. निम्म्याहून जास्त जंगल मेलं. उघड्या पडलेल्या चिखलावर मग शिंदीसारखं काटेरी झाड आणि खाऱ्या पाण्यातलं उंच नेचं माजलं, ते इतकं दाट की कांदळाला पाय ठेवायला जागा नाही. १९७८ मध्ये हा भाग शेजारच्या प्रांतातून काढून शहराला जोडला आणि त्याच वर्षी शहराने लागवड सुरू केली. बी आसपास मिळेना, कारण झाडंच उरली नव्हती, म्हणून कांदळाच्या शेंगा पार देशाच्या दक्षिण टोकावरून, का माउहून आणाव्या लागल्या.

गावातल्या एका आजींनी तरुणपणी ही लागवड केली होती. माझं व्हिएतनामी मोडकंतोडकं, पण त्यांनी अंगणात पडलेली एक शेंग उचलून माझ्या हातात दिली आणि दाखवलं. वीत-दीड वीत लांब, हिरवी, खाली टोकदार. ती टोकाकडून सरळ चिखलात खोचायची, तिरकी झाली की भरती उचलून नेते. मांडीपर्यंत चिखल, डास, प्यायला गोडं पाणी बोटीतून यायचं, आणि हे सगळं युद्ध संपल्यावर दोन-तीन वर्षांत, जेव्हा देशात खायलाच पुरेसं नव्हतं. किती शेंगा लावल्या असतील विचारलं तर त्या नुसत्या हसल्या आणि माझा हात धरून आत चहा प्यायला घेऊन गेल्या.

आणि लावून झालं म्हणजे संपलं असं नाही हो. लाकडासाठी चोरून तोड सुरू झाली तेव्हा १९९० पासून जंगलाचे तुकडे करून ते राखायला घरंच्या घरं आत वसवली. मी असं एक घर बोटीतून बघितलं, खाडीच्या काठावर खांबांवर उभं, पावसाचं पाणी साठवायचे मोठे रांजण, एक कुत्रं आणि दोरीवर वाळणारे कपडे, आजूबाजूला दुसरं घर नाही. अशी माणसं वर्षानुवर्षं राहिली तेव्हा कुठे जानेवारी २००० मध्ये युनेस्कोने कन योला बायोस्फिअर रिझर्व्ह, म्हणजे निसर्ग आणि माणसं दोन्ही सांभाळायचं राखीव क्षेत्र, म्हणून मान्यता दिली, व्हिएतनाममधलं पहिलं. लागवड सुरू झाल्यापासून बावीस वर्षांनी.

पत्रलेखकांच्या बोलण्यात मला मुख्य चूक दिसते ती अशी, की विमानांनी झाडं मारली पण खाडी बुजवली नव्हती. चिखल तिथेच होता, दिवसातून दोनदा भरती येत होती, दोन मोठ्या नद्यांचा गाळ येत होता, म्हणून खोचलेली शेंग धरली. आपण काय करतो? भराव टाकतो, पाण्याची वाट अडवतो, वर डांबर घालतो, आणि मग शंभर किलोमीटरवर कुठेतरी रोपं लावली असा आकडा देतो. ह्या दोन गोष्टी एक नाहीत, उरणला ज्याचं बालपण गेलंय त्याला हे सांगावं लागत नाही, भरावामुळे आमच्याकडची शेतं आणि मासळी दोन्ही कशी गेली ते आम्ही बघितलंय.

शिवाय आज कन योलाही सगळं सुरक्षित आहे असं नाही. तिथल्या किनाऱ्यालगत समुद्रात भर घालून २,८७० हेक्टरचं नवं शहर उभं राहतंय, एप्रिल २०२५ मध्ये काम सुरू झालं. मोठा पूल येणार, खाडीच्या मुखाशी बंदर होणार. पूल नको असं मी म्हणणार नाही, फेरीवर रात्री पेशंट घेऊन ताटकळणाऱ्या माणसाला पूल हवाच, फेरीजवळ नारळपाणी विकणाऱ्या बाईंनी मला हेच सांगितलं, आणि त्याच दमात त्या म्हणाल्या की पूल झाला की माझी गाडी इथे कोण बघणार. थिएंग लिएंग नावाच्या बेटावर मिठागरं आहेत, काळं प्लास्टिक अंथरून त्यावर खारं पाणी सुकवतात, पेणची आगरं आठवली मला. मच्छीमार देवमाशाला ओंग म्हणजे आजोबा म्हणतात आणि त्यांच्या चांद्र पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी बोटी सजवून समुद्रात जाऊन त्याला मान देतात. २०२५ मध्ये ती पौर्णिमा आणि आपली कोजागिरी एकाच दिवशी आली होती. शहरातले लोक ह्या सगळ्याला शहराबाहेरची मोकळी जागा म्हणतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण उरणलाही नेमकं असंच म्हणायचे.

आपल्याकडून आता बरेच लोक व्हिएतनामला येतात, टूरवाले अर्धा दिवस कु चीची युद्धातली भुयारं दाखवून परत नेतात. त्या पत्रलेखकांना माझं मनापासून आमंत्रण आहे, इथे आलात तर कळवा, मी स्वतः फेरीने घेऊन जाईन. रविवारी सकाळी सहाला निघावं लागेल, ओहोटीची वेळ बघून, म्हणजे मुळं उघडी दिसतात, आणि आजी घरी असल्या तर त्यांच्याकडे चहा होईलच.

आपली एक वाचक,
हो ची मिन्ह सिटी (मूळ गाव उरण तालुका)