ओटीपी अमळनेरला, पोरगं टेक्सासला

संपादक साहेब, नमस्कार.

मी अमळनेरला लोकांचं इन्कम टॅक्स रिटर्न भरून द्यायचं काम करतो. जुलै लागला की ज्यांची पोरं बाहेर आहेत असे बाप यायला लागतात, कुणाचा मुलगा टेक्सासला, कुणाची मुलगी जर्मनीत, आणि शर्टाच्या खिशात मोबाइल दोन. एक स्वतःचा, दुसरा जुना बटणवाला, त्यात पोराचं इथलं सिम.

पहिला प्रश्न ठरलेला, "तो तिकडे कमावतो, टॅक्सही तिकडेच भरतो, मग इथे रिटर्न कशाला भाऊ?" तर कारण आहे एनआरओ खात्यातली, म्हणजे परदेशात राहणाऱ्याच्या इथल्या पैशासाठी असलेल्या बँक खात्यातली, एफडी. एनआरआयच्या या व्याजावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के टीडीएस, म्हणजे बँकच आधी कापते तो टॅक्स, आणि वर सेस, म्हणजे लाखभर व्याज आलं तर ३१,२०० कापून गेले. बाप म्हणतात टीडीएस कापू नका म्हणून बँकेला १५जी देऊन टाकू, पण तो फॉर्म इथं राहणाऱ्यांचा, एनआरआयला चालतच नाही. इथलं बाकी उत्पन्न नसेल तर हा सगळा पैसा परत मिळतो, २०२५-२६ पासून नव्या रिजीममधे ४ लाखांपर्यंत टॅक्स नाही ते एनआरआयलाही लागू आहे, फक्त रिटर्न भरलं तरच मिळतो आणि तेही आयटीआर-२ मधे, सोपा आयटीआर-१ यांना नाही. (१२ लाखांपर्यंत माफ अशी बातमी वाचून खुशीत येणारेही असतात, त्यांना सांगावं लागतं की ती सूट इथं राहणाऱ्यांची.) रावेर-यावलकडचे केळीवाले विचारतात सातबाऱ्यावर पोराचं नाव आहे त्याचं काय, तर शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नाही, रिटर्नमधे दाखवायचं मात्र असतं.

बरं, रिटर्न भरणं काही अवघड नाही, पोरगा तिकडे बसूनही ऑनलाइन भरतो. गाडी अडते व्हेरिफायला, म्हणजे रिटर्न आपणच भरलं याची खात्री पटवायला. ३० दिवसांत व्हेरिफाय झालं नाही तर भरलेलं न भरल्यासारखंच. सोपा रस्ता आधार ओटीपी, तो येतो आधारला जोडलेल्या नंबरवर आणि ते सिम इकडे बापाच्या खिशात. इथे सकाळचे दहा म्हणजे टेक्सासला रात्रीचे साडेअकरा, पोरगा व्हॉट्सॲप कॉलवर जांभया देतोय, बाप चष्मा शोधतोय, "थांब ना भो, दिसत नाही मला", मग एकेक आकडा मोठ्यानं वाचणार, सहा आकडे, पंधरा मिनिटांची मुदत. रिचार्ज संपून सिम बंद पडलं की हेही गेलं. नेटबँकिंगनं होतं म्हणा, पण बँकेचा ओटीपीही बऱ्याच जणांचा त्याच सिमवर येतो.

मग उरतं पोस्ट. आयटीआर-व्ही, म्हणजे भरलेल्या रिटर्नची पावती, प्रिंट काढा, सही करा आणि टॅक्स खात्याच्या बंगळुरूच्या केंद्राला, सीपीसीला, पाठवा, पिन ५६०५००. आता माझं खरं म्हणणं इथं आहे. ऑगस्ट २०२२ मधे १२० दिवसांची मुदत ३० वर आणली तेव्हा निदान स्पीड पोस्ट केल्याची तारीख धरत होते. २०२४ च्या नव्या सूचनेपासून कागद सीपीसीत पोचल्याची तारीख धरतात. अमळनेरहून पाठवणाऱ्याला एकवेळ जमेल, परदेशातून निघालेलं टपाल कधी पोचेल याची कोण गॅरंटी देणार? ३० दिवस उलटून पोचलं तर ज्या दिवशी पोचलं त्या दिवशी रिटर्न भरलं असं धरतात, म्हणजे २८ जुलैला भरलेलं रिटर्न सप्टेंबरचं होतं, मुदतीबाहेर. टॅक्स लागणाऱ्याला मग ५ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १,००० आणि त्याहून जास्त असेल तर ५,००० लेट फी, शिवाय शेअर्समधला तोटा पुढच्या वर्षी ओढता येत नाही. पोस्टाच्या उशिराचा भुर्दंड करदात्याला का बुवा?

पोर्टलवर एनआरआयला परदेशी मोबाइल नंबर टाकता येतो, ईमेलही टाकतोच आपण. मग त्याच ईमेलवर ओटीपी देऊन व्हेरिफाय करायला काय हरकत आहे? तेवढंही होत नसेल तर परदेशातून येणाऱ्या लिफाफ्यांना तरी पोस्टात टाकल्याची तारीख धरा, आधी धरत होतेच ना. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या खासदारांनी हा विषय अर्थमंत्रालयाकडे न्यावा, जुलैच्या आत.

– एक करसल्लागार, अमळनेर