चाकं तुझी होती

प्रिय दिल्या,

दिवाळीला तुझा फोन आला तेव्हा मी वावरात होतो. मग करतो करतो म्हणत मार्गशीर्ष लागला. शिव्या घालून घे, हक्क आहे तुझा. माय बरी आहे, गुडघे चालूच आहेत. माझी शुगर डॉक्टरले चालत नाही, मले चालते.

पत्राचं कारण म्हणजे धांड्याची बंडी, ज्वारीच्या ताटांची आपली ती खेळण्यातली गाडी. हस बे, हस.

गोलू आता आठ वर्षांचा झाला. शाळेतून आला की दप्तर एकीकडे आणि हा मोबाइल घेऊन बाजेवर पालथा. परवा मले राग आला. फोन हिसकला अन् गव्हाच्या कोठीत टाकला. वाटलं, आता हा घर डोक्यावर घेईल. तर पोरगं गुपचूप बसलं आणि म्हणालं, "मग मी काय करू?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. रेसटीप खेळ म्हणावं तर गल्लीत पोरं तीन, त्यातली दोन फोनवर. विटीदांडू म्हणावं तर गल्लीभर सिमेंटचा रोड, खड्डा कुठं खणू? भवरा होता, जाळी सापडली नाही. शेवटी तोंडातून निघून गेलं, "चाल, तुले धांड्याची बंडी करून देतो."

अन् धांडा शोधायला निघालो. सारं शिवार पालथं घातलं, ज्वारीचं ताट दिसेल तर शपथ! सोयाबीन कधीच निघून गेलं, आता पऱ्हाटी न् तूर, पऱ्हाटी न् तूर. पेरत का नाही म्हणून विचारलं, तर जो तो रानडुक्कर आणि पाखरं म्हणतो. एकट्यानं ज्वारी पेरली की पंचक्रोशीतली पाखरं त्याच्याच वावरात उतरतात. म्हणून तोही पेरत नाही. आपल्या वेळी पाखरं साऱ्यांच्या वावरात वाटली जायची, अन् हाकलायला आपण होतोच. आठव, मचाणावर गोफण घेऊन बसवायचे आपल्याला. आपण त्याला खेळ म्हणतो, पण होतो तर राखणीलाच. बंडी, पिपाणी, चिंचोके, सारं त्या रिकाम्या वेळातलं. आता राखायला ज्वारी नाही अन् पोराले राखायला मोबाइल. शिवी मी फोनलाच घातली असती, पण त्या दिवशी धुऱ्यावर उभा राहून सोयाबीनलाही घातली.

ग्रामसभेतही हा विषय निघाला होता. आपल्याच जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बांशीनं २०२२ साली ठराव केला ना, अठराच्या आतल्या पोरांना मोबाइल बंद म्हणून. सांगलीकडे मोहित्यांचे वडगावात तर संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, मग दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. आपल्याकडेही करू म्हणून एकानं लंबं भाषण ठोकलं. मी मागं वळून पाहिलं, अर्धी सभा मांडीवरच्या फोनात. भाषण करणाराही फोनात पाहूनच वाचून राहिला होता!

तर, धांडे शेवटी काकूच्या वावरात सापडले. तिनं भाकरीपुरती चार तासं पेरली होती. "म्हातारपणी बंडी काऊन पाहिजे बाप्पा?" म्हणून हसली, पण पेंढी दिली. ओट्यावर बसलो. साल सोलता सोलता अंगठा चिरला, ब्लेडसारखी असते ती, विसरलोच होतो. आतला गाभा पांढरा, हलका. बाभळीचे काटे ठोकून साटा झाला, जू झालं, दांड्या झाल्या. गोलू मांडीला मांडी लावून काटे पुरवत होता. मग म्हणाला, "चाकं?"

दिल्या, मले चाकं येतच नाहीत.

साल वाकवली की फट् तुटते. सहा तोडल्या. तेव्हा ध्यानात आलं, चाकं नेहमी तू करायचास. अन् सातवीतल्या प्रदर्शनात गुरुजींनी "कुणी केली रे?" विचारलं तेव्हा मी "मी" म्हणालो होतो. कंपासपेटी मले मिळाली. तू महिनाभर बोलला नाहीस, अन् मी गावभर सांगत फिरलो की दिल्या जळतो माझ्यावर. ती पेटी अजून आहे, त्यात बियाण्याच्या पावत्या ठेवतो.

गोलू काय म्हणाला असेल? "बाबा, यूट्यूबवर पाहा ना." मोठ्या शानीत टाकलेला फोन कोठीतून उपसायचा, अन् तोही त्याच्यादेखत! नाही काढला. तसाही आत वाजून राहिला होता, बहुतेक तुझाच असेल.

बदली झाली म्हणे तुझी? वहिनींना नमस्कार. पोरीची दहावी ना यंदा, आशीर्वाद सांग.

बंडी सध्या बिनचाकाची ओट्यावर आहे. गोलूनं तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल जुंपला अन् घसपटत अंगणभर नेतो, काल माईच्या वाळवणातून नेली. तू साल तोंडात धरून ओली करायचास एवढं आठवते, पुढचं नाही. एक चाक करून पाकिटात घालून पाठव. चपटं आहे, बसते. दुसरं आम्ही त्याच्यावरून पाहून करतो.

तुझा,
बाळ्या