संगणक नीतिशास्त्र : अपेक्षा आणि गुणदान

तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनो,

येत्या सोमवारपासून सकाळी ९ वाजता खोली क्र. २०४ मध्ये या विषयाचे तास सुरू होत आहेत. त्याआधी एवढं वाचून घ्या.

गुण १०० : दोन अहवाल ४०, वर्गातली चर्चा २०, लेखी परीक्षा ४०.

पहिला अहवाल थेराक-२५ या किरणोपचार यंत्रावर. १९८५ ते १९८७ दरम्यान या यंत्रामुळे सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सार मिळाला, त्यांतले काही दगावले. आधीच्या यंत्रांतली हार्डवेअरची सुरक्षा काढून सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला होता. ‘प्रोग्रामरची चूक’ एवढं लिहून थांबू नका. चाचणी कोणी घ्यायला हवी होती? तक्रारी आल्यावर कंपनी कशी वागली? निम्मे गुण याच भागाला आहेत.

दुसरा अहवाल आपल्या जवळचा : २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून पालघरच्या दोन तरुणींना झालेली अटक आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ (‘आक्षेपार्ह’ ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारं).

नियम :
- अहवाल मराठीत किंवा इंग्रजीत चालेल. भाषेमुळे गुण कमी होणार नाहीत.
- चॅटजीपीटी वापरलं तर कुठे आणि कशासाठी, ते शेवटी लिहा. लपवल्यास शून्य.
- नक्कल सापडली तर देणारा आणि घेणारा, दोघांनाही शून्य.
- उशीर झाल्यास रोज २ गुण वजा. घरी अडचण असेल तर मुदतीआधी येऊन सांगा, मार्ग काढू.

चर्चेत माझ्याशी असहमत झालात म्हणून गुण कापले जाणार नाहीत. कारणं मात्र द्यावी लागतील. गप्प बसणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते, म्हणून प्रत्येकाला बोलायची पाळी येईल.

– विषय शिक्षक