चारही टायर बदल

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

काल रागाने फोन ठेवलास, पण टायरचं माझं म्हणणं बदललेलं नाही. पुढची दोन चाकंच गाडी ओढतात म्हणून दोनच विंटर टायर पुरे, हा तुझा हिशेब गाडी जागची हलेपर्यंतच खरा. वळणावर ब्रेक दाबलास की पुढची चाकं रस्ता धरतात, मागची सुटतात आणि गाडी गर्रकन फिरते. चारही बदल. बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण अशी खूण असेल तेच घे. साधं रबर ७ अंशांच्या खाली कडक होत जातं. नक्षी ४ मिमीपेक्षा कमी उरली असेल, तर बर्फात तो टायर असून नसल्यासारखा. हवा सकाळी, गाडी गार असताना तपास. तापमान साडेपाच अंश उतरलं की हवेचा दाब साधारण १ पीएसआयने कमी होतो.

आणि सायलेन्सरचं तोंड. रात्रभर बर्फ पडला की आधी मागे जाऊन ते मोकळं करायचं, मगच स्टार्टर. तोंड बुजलं की धूर गाडीखाली कोंडतो आणि फटींतून आत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. डोकं जड होतं, झोप येते, माणसाला वाटतं दमलोय. ओवीला उबेला आत बसवून तू बाहेर बर्फ उपसत बसशील, हेच सारखं डोळ्यांपुढे येतं. तसं करू नकोस.

बॅटरी दादाने बसवलेलीच आहे ना? म्हणजे चार वर्षं झाली. शून्य अंशाला बॅटरीची ताकद सुमारे एक तृतीयांश घटते, आणि त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. लोड टेस्ट, म्हणजे जोर पडल्यावर बॅटरी टिकते का ती तपासणी, करून घे. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दिसले तर उत्तम, १२.४ च्या खाली असतील तर चार्ज कर. जंपर केबल लावताना काळ्या वायरचं शेवटचं टोक बंद पडलेल्या बॅटरीला नाही, इंजिनच्या उघड्या धातूला लावायचं. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिथे नको.

कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असलं की साधारण उणे ३५ पर्यंत निभावतं. नुसतं कूलंट ओतलं तर जास्त चांगलं, असं तुझ्या बाबांसारखं समजू नकोस. कूलंटमधलं ग्लायकॉल निव्वळ असेल तर उणे १३ च्या आसपासच गोठतं. वॉशरमध्ये साधं पाणी नको, न गोठणारं द्रावण भर. काचेवर गरम पाणी ओतलंस तर काच तडकेल. टपावरचा बर्फही काढ, नाहीतर ब्रेक मारताच सगळा समोरच्या काचेवर घसरतो.

फार शिकवतेय, माफ कर. सायकलची चेन पडली की कुणाला हात लावू द्यायची नाहीस, स्वतःच काळे हात करून बसवायचीस. तुला जमतं, हे मला माहीत आहे. तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

वाटेत अडकलीस तर गाडी सोडून चालत निघू नकोस. टाकी अर्ध्याखाली जाऊ देत नसशील तर इंधन पुरेल. तासाला दहाच मिनिटं इंजिन चालव, वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेव, आणि दर वेळी सुरू करण्याआधी उतरून सायलेन्सर बघ. मागच्या तासाला साफ केला होता म्हणून सोडू नकोस, बर्फ पडतच असतो. गॅरेजमध्येही इंजिन तापवत ठेवायचं नाही, दार उघडं असलं तरी.

टायर बसवले की ८०-१०० किमीनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने, पुन्हा तपासून घे.

तुझी,
आई

ता. क. फावडं डिकीत टाकू नकोस. डिकीचं झाकण गोठून बसतं. मागच्या सीटपाशी ठेव, ब्लँकेट आणि टॉर्चही तिथेच.