तक्रार: बँकॉक दर्शनातून वगळलेला राजवाडा

प्रति,
शाखा व्यवस्थापक,
ठाणे शाखा, ठाणे (प.)

विषय: बँकॉक टूरमध्ये ग्रँड पॅलेस न दाखवल्याबद्दल तक्रार व परताव्याची मागणी

महोदय,

मी, माझे यजमान, सासूबाई आणि अकरावीतला मुलगा असे आम्ही चौघे आपल्या बँकॉक-पट्टाया ग्रुप टूरहून नुकतेच परतलो. आमच्यापैकी कोणीही याआधी देशाबाहेर पाऊल टाकलेले नव्हते, म्हणून चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण नीट दाखवतील, या भरवशावर आपल्याकडे बुकिंग केले. विमान, हॉटेल, नाश्ता याबद्दल काही म्हणणे नाही. पट्टायाही ठीक. तक्रार आहे ती बँकॉक शहर दर्शनाची.

बुकिंगच्या वेळी सासूबाई स्वतः शाखेत आल्या होत्या. त्या निवृत्त शिक्षिका. त्यांना समुद्रकिनाऱ्यात रस नाही आणि शॉपिंगमध्ये तर मुळीच नाही. राजवाड्याच्या आवारातल्या वाट फ्रा केओ मंदिरात ओवऱ्यांच्या भिंतींवर अख्खे थाई रामायण, म्हणजे रामकियेन, रंगवलेले आहे. ते डोळे भरून बघायचे, एवढीच त्यांची इच्छा. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "आजी, ते तर आपलं मेन अट्रॅक्शन आहे," आणि माहितीपत्रकातली ती ओळ पेनाने अधोरेखित करून दिली. त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे.

प्रत्यक्षात दर्शनाच्या दिवशी बस सकाळी निघाली ती थेट खड्यांच्या शोरूममध्ये. तिथे आधी अंधारात बसवून खाणीतून माणिक-नीलम कसे काढतात ते दाखवले, मग लांबच लांब काउंटरांच्या गल्लीतून सोडले. प्रत्येक कुटुंबामागे एक विक्रेती. आम्ही थांबलो की ती थांबे, आम्ही बाथरूमला गेलो की ती बाहेर उभी. "आंटी, बहुत सस्ता" हे वाक्य सासूबाईंनी इतक्या वेळा ऐकले की शेवटी त्या खुर्ची मागून घेऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. ग्रुपमधल्या एकाची अंगठीची घासाघीस संपेपर्यंत बस हलली नाही. त्यानंतर चामड्याच्या वस्तूंचे दुकान, मग जेवण. ग्रँड पॅलेसच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते आणि तिकीट खिडकी साडेतीनला बंद होते. टूर मॅनेजर म्हणाले, "बाहेरूनच फोटो काढा, कळस छान येतात."

ही वेळ काही गुपित नाही. राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो आणि साडेतीनला तिकिटे बंद होतात, हे मुलाने मोबाईलवर मिनिटभरात काढले. वर्षभर ग्रुप नेणाऱ्या कंपनीला ते ठाऊक नसेल, असे मी मानत नाही. परत आल्यावर फोन केला तर आपल्या कार्यालयातून उत्तर मिळाले, "मॅडम, बँकॉकचं ट्रॅफिक तुम्हाला माहीत नाही." मी घोडबंदर रोडला राहते. ट्रॅफिकचे कारण कृपया मला सांगू नये. बस ट्रॅफिकमध्ये नव्हती, शोरूमच्या पार्किंगमध्ये होती.

त्या राजवाड्याबाहेर भामटे उभे असतात. "आज राजवाडा बंद आहे" असे सांगून ते नवख्या पर्यटकांना टुकटुकमध्ये घालतात आणि खड्यांच्या दुकानात नेऊन सोडतात. बँकॉकची ही फसवणूक जगजाहीर आहे. आम्हाला भामटा शोधावा लागला नाही. खड्यांचे दुकान आधी आणि बंद राजवाडा नंतर, हे सगळे ठाण्यातूनच पावतीसकट बुक झालेले होते.

त्यानंतर शेजारच्या वाट फो मंदिरात वीस मिनिटे दिली. आतली पहुडलेली बुद्धमूर्ती 46 मीटर लांब आहे. तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात 108 शुभचिन्हे आहेत, तिथवर गर्दीतून पोहोचतो तोच निघायची हाक आली. आणि चाटुचाकचा बाजार शनिवार-रविवारचा असताना आपल्या कार्यक्रमात तो मंगळवारी छापलेला! बस बंद शटरांसमोरून फिरवून आणली. हा निव्वळ आळस आहे.

शेवटी मोकळ्या दिवशी आम्हीच गेलो. स्कायट्रेनने सफान ताक्सिन, तिथून नारिंगी झेंड्याच्या बोटीने चाओ फ्राया नदीतून ता चांग धक्का. बोट धक्क्याला लागताना मागे उभा असलेला माणूस नुसत्या शिट्ट्यांनी चालकाला सांगतो, किती पुढे, किती मागे; मुलगा तेच बघत बसला होता. फाटक उघडताच आम्ही आत होतो. सासूबाईंनी चित्रे पहिल्यापासून बघायला घेतली. 178 चित्रे आहेत, सगळी होणे शक्य नव्हते. पण मारुतीने रामाचा अख्खा मंडप तोंडात घेऊन राखण केली आहे, त्या चित्रापाशी त्यांनी मुलाला मुद्दाम थांबवून सांगितले की हे आपल्याकडे नाही बरं का. आपल्या टूरमधले मेन अट्रॅक्शन आम्ही असे, आपल्याविना पाहिले.

तिकीट माणशी 500 बाट, चौघांचे 2000 बाट. ते आपल्या टूरच्या किमतीत धरलेलेच होते, म्हणजे आम्ही एकाच गोष्टीचे दोनदा पैसे मोजले. ही रक्कम, त्या दिवशीचे रेल्वे व बोटीचे भाडे आणि शहर दर्शनाच्या शुल्कातला योग्य तो भाग परत मिळावा. शोरूमच्या थांब्यांचा माहितीपत्रकात कुठेही उल्लेख नव्हता. ते कोणाच्या सांगण्यावरून घेतले, याचा लेखी खुलासाही हवा. पुढच्या बुकिंगवर सवलतीचे कूपन देण्याचा प्रस्ताव फोनवर आला होता, तो मान्य नाही.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915 वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्रुपमधली आणखी काही कुटुंबे सोबत आहेत.

कळावे,
आपली ग्राहक,
घोडबंदर रोड, ठाणे (प.)

सोबत: बुकिंगची पावती, अधोरेखित माहितीपत्रक, राजवाड्याची चार तिकिटे, बंद खिडकीचा वेळेसह फोटो